मालिका न पाहता तिच्या चुका कशा काढाव्यात

विज्ञानकथेवरची एखादी मालिका गाजू लागली, की तिच्या कथानकातील चुका जगाला दाखवून देण्याची जबाबदारी आपोआपच पुण्यावर येऊन पडते. ही जबाबदारी आपल्यातील काही मंडळी इतक्या निष्ठेने पार पाडतात, की त्या गडबडीत प्रत्यक्ष मालिका पाहण्यास त्यांना सवड होत नाही. या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या होतकरूंना उपयोग व्हावा म्हणून काही सूचना येथे देत आहे. टेकडीवरून उतरल्यानंतरच्या रविवारच्या चहाला ही सारी विद्या मला गेल्याच आठवड्यात आग्रहाने पाजण्यात आली.

मालिका नेहमी दीडपट वेगाने पाहावी. उदाहरणादाखल ‘डार्क’ ही जर्मन मालिका घ्या. २०१७ ते २०२० या काळात तिची तीन पर्वे आली, त्यांचे भाग अवघे सव्वीस आहेत, आणि एकच माणूस त्यांत वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या नटांच्या चेहऱ्यांनी, १९५३, १९८६ आणि २०१९ अशा सालांमध्ये वावरत असतो. अशी मालिका मूळ वेगाने आणि मूळ भाषेत पाहिली तर कोण कोणाचा कोण हे कळण्याचा धोका फार. त्याऐवजी इंग्रजी आवाज लावावेत, वेग वाढवावा, आणि एका हातातील मोबाइलवर सोसायटीच्या टँकरच्या बिलाविषयीचा वाद चालू ठेवावा. तिसऱ्या भागाच्या सुमारास आपल्याला काहीच कळेनासे होते. त्यालाच लेखकाची चूक असे म्हणावे.

चूक सांगताना ‘साधं लॉजिक आहे’ हे शब्द सुरुवातीस आणि शेवटी उच्चारावेत.

आपल्या शंकेचे उत्तर मालिकेतच दिलेले असल्यास ते पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. (ज्यांनी पहिले पर्व पाहिलेले नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे, एवढी सभ्यता पाळणारा मी आमच्या गटात एकटाच आहे.) मिकेल हा मुलगा २०१९ मधून १९८६ मध्ये जाऊन अडकतो, तिथेच मोठा होतो आणि कथेचा नायक योनास याचा बाप ठरतो. ‘मग योनास त्याला परत का आणत नाही? केवढं मोठं भोक आहे हे!’ असा विजयी सवाल आमच्याकडे टाकण्यात आला. मिकेलला परत आणले तर योनास जन्मालाच येणार नाही, ही गोष्ट पहिल्याच पर्वात योनासला तोंडावर सांगितली जाते आणि पुढचे सारे नाट्य त्या एका पेचावर उभे आहे. परंतु तो प्रसंग चालू असताना टँकरचा विषय ऐन रंगात आलेला असावा.

समोरच्याने भागाचा क्रमांक सांगितलाच, तर चहाचे पैसे देण्याच्या निमित्ताने उठावे.

विज्ञान दिनाला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आपण एकदा रांगेत उभे राहिलो होतो, हे सापेक्षतावादावर बोलण्यास पुरेसे आहे.

पंचांगाचा आधार घेतल्यास मात्र आपल्याला कोणीही हरवू शकत नाही. ‘डार्क’मध्ये दर ३३ वर्षांनी सूर्य-चंद्राचा मेळ बसतो आणि काळाची दारे उघडतात, अशी कल्पना आहे. यावर आमच्या गटातील एका गृहस्थांनी कप कठड्यावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केले, की मेळ ३३ वर्षांनी नव्हे तर १९ वर्षांनी बसतो, आणि जर्मनांना एवढेही ठाऊक नाही. आता १९ वर्षांचा हिशेब खराच आहे. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ तंतोतंत बसतात, म्हणूनच एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी बहुधा एकत्र येतात. परंतु ३३ चाही हिशेब तितकाच खरा आहे. चांद्रवर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. आपण अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून ही तूट भरून काढतो. ती भरलीच नाही, तर साठत साठत सुमारे ३३ वर्षांत अख्ख्या एका वर्षाएवढी होते आणि ३३ सौर वर्षांत ३४ चांद्रवर्षे उरकतात. रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरून साधारण ३३ वर्षांनी जागेवर येतो, तो याच कारणाने. हे मी शांतपणे, बोटांवर आकडे मोजून सांगितले. त्यावर मिळालेले उत्तर असे: ‘अहो, ते असू द्या, पण लेखकाने अधिक मासाचा विचार केलेला नाही, हे तर मान्य कराल?’ म्हणजे जर्मनीतल्या एका काल्पनिक गावाची गोष्ट लिहिणाऱ्याने पुण्यातल्या चहाच्या टपरीवर होणाऱ्या आक्षेपाची आगाऊ सोय करून ठेवायला हवी होती. बरे, हे सारे ऐकवणाऱ्या गृहस्थांनी दुसरे पर्व पाहिले होते का? नाही. तिसरे? त्याचे स्पष्टीकरण करणारा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता, तोही दीडपट वेगाने.

अमुक गोष्ट मालिकेत तशी का आहे, असे कधीही विचारू नये. लेखक मूर्ख आहे एवढे कारण पुरते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळमालिकेतील माणसे किरणांतून विरघळून ग्रहावर उतरतात, कारण १९६६ मध्ये दर आठवड्याला अवजड यान जमिनीवर उतरवून दाखवण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. असल्या माहितीने वादाची गंमत जाते.

खरोखरीची विसंगती सापडली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे, कारण तिच्यासाठी मालिका पाहावी लागते. त्याच ‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन हे परग्रहवासी मूळ मालिकेत सरळ कपाळाचे होते आणि १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या कपाळांवर एकाएकी हाडांचे उंचवटे आले. चाहत्यांनी हे हेरले आणि वर्षानुवर्षे त्यावर डोकी लढवली. १९९६ मध्ये पुढच्या एका मालिकेतील क्लिंगॉनला हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा ‘परक्यांशी आम्ही त्याविषयी बोलत नाही’ अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने विषय संपवला, आणि अखेर २००५ मध्ये दोन भाग खर्ची घालून त्याचे रीतसर कारण देण्यात आले. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत १९७६ साली सांगून टाकले, की तिचा नायक ज्या जातीचा आहे त्या काळाच्या स्वामींना बाराच वेळा नवा देह घेता येतो. चाहते तेव्हापासून बोटे मोजत बसले होते, आणि २०१३ च्या नाताळच्या भागात लेखकांना तो हिशेब चुकता करावा लागला. लेखकाला ३७ वर्षांनी उत्तर देण्यास भाग पाडणारी ही माणसे काय दीडपट वेगाने पाहत होती? ती जुने भाग पुन्हा पुन्हा पाहत, संवाद पाठ करत, एकमेकांच्या तर्कातील गफलती दाखवत आणि सगळ्यात मजेशीर तर्कावर खूश होत. भोक दिसले तर ते बुजवायचे कसे, यासाठी त्यांचे भांडण होते. त्यांना मालिका आवडत होती हो!

तुम्हाला ती आवडत नाही. तुम्हाला चारचौघांत हुशार दिसायचे आहे, आणि त्यासाठी फुकटात मिळणारे जे काही हाती लागेल ते तुम्ही वापरता. नाही आवडत, तर नका पाहू. कोणी गळ्यात बांधलेली नाही. पण त्या दिवशी तुम्ही केलेत ते अक्षम्य आहे. माझी भाची बी.एस्सी.ला आहे, ‘डार्क’ ती तळओळी वाचत, मूळ आवाजात पाहते आहे, कोणाची आजी कोण याची वंशावळ तिने वहीत पेन्सिलीने मांडली आहे, खोडून खोडून तिचा कागद पातळ झाला आहे. दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर होती ती. तिने एक साधी शंका विचारली, आणि तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं, शेवटी तर...’ म्हणून तिसऱ्या पर्वाचा शेवट एका वाक्यात सांगून मोकळे झालात. का, तर तो शेवट कसा चुकीचा आहे हे तुम्हाला सिद्ध करायचे होते. न पाहिलेला शेवट! मी ‘थांबा’ म्हणालो, तरी तुम्ही थांबला नाहीत. ती पोरगी ‘असू दे, काका’ म्हणाली, कारण तिला वळण आहे.

मला ते नाही. तेव्हा ऐका: आधी सव्वीस भाग पाहा. मूळ वेगाने, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, एकही पुढे न ढकलता. त्यानंतर ज्या शंका उरतील त्या घेऊन या, मी सकाळभर बसायला तयार आहे. तोवर टपरीवर टँकरविषयी बोला, त्यात तुम्हाला गती आहे. आणि टपरीवर येण्याआधी आमच्या घरी येऊन त्या मुलीची क्षमा मागा.