तळघरातली बागायती

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की जळगाव-भुसावळकडे तळघरासारखी दुसरी जागा नाही. पण पाऊस लागला की ते रिकामं पडतं. तिथे बुरशीचं पीक घ्या भाऊ. बी हवेतच असतं. खताला लाकूड, पुठ्ठा, जुन्या गोधड्या आणि धूळ आहेच. कमी पडतं ते पाणी, आणि त्याची सोय आपल्याच हातात आहे.

आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते. भिंतीलगतच्या भेगेत हात जाईल, तरी ती बुजवू नका. तिथे तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतरती फरशी बसवायचा मोह टाळा. पहिला पाऊस भेगेतून थेट पायापाशी उतरला पाहिजे. मग माती फुगते, भेग मिटते आणि आत गेलेलं पाणी भिंतीला टेकून मुक्कामाला राहतं. गच्चीच्या पाण्याचा पाइपही भिंतीच्या बुडाशीच सोडा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 2360 लिटर पाणी होतं. केळीला पाणी देताना आपण ठिबक लावून थेंब मोजतो, भिंतीला मात्र दंड फोडून द्यायचं. कुणी त्या पाइपाला सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी लांब नेलं, की हंगाम बुडाला म्हणून समजा.

भर पावसात खिडक्या सताड उघड्या ठेवा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच बाहेरच्या दमट हवेने गार भिंतीला फुटतो. सोबत कूलर हवाच. जुलैत तो गारवा देत नाही, कारण हवा आधीच भिजलेली असते. ओल मात्र इमानेइतबारे देतो. हवेतली आर्द्रता दाखवणारं घड्याळासारखं छोटं यंत्र मिळतं, ते घेऊ नका. काटा 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची सवय लागली तर पीक उपाशी मरेल.

ओल कुठून येते याचा तपासही नको. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी मारून भिंतीवर दोन दिवस ठेवला, तर आतून पाणी दिसल्यावर दोष भिंतीचा आणि बाहेरून दिसल्यावर हवेचा, एवढं कळतं. मग नेमका इलाज करावा लागतो, आणि इलाजाला पैसे लागतात. भिंतीवर पांढरं काही दिसलं तर थेट बुरशी म्हणून मिरवा. पाण्याचा थेंब टाकून ते विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून आलेला क्षार असतो, पण इतकं खोलात कोण जातं?

आणि रंगारी! दिवाळीआधी त्याला बोलवाच. ओल्या भिंतीवर पुट्टी, वर चकचकीत ऑइल पेंट. आतली ओल बाहेर यायला बघते, रंग तिला अडवतो, मग फुगे येतात आणि संक्रांतीपर्यंत पोपडे. तोवर त्याची मजुरी देऊन झालेली असते.

इथे क्षणभर चेष्टा बाजूला: बुरशी पुसायला ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद तळघरात तो जिवावर बेततो. घासताना मास्क लावा. भिजलेला पुठ्ठा आणि गादी सरळ फेकून द्या.

आता पुन्हा शेतीकडे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास केलेले बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. खोकं फरशीवरच ठेवा, खाली पाट नको, आणि भिंतीला अगदी चिकटवून, म्हणजे मागून हवा खेळायची नाही. पोळ्याला उघडाल तेव्हा कुरडईवर हिरवट लव असेल. घरातली म्हातारी म्हणेल, "बुरा आला रे, फेक ते. अन् खोकं भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं असतं." तिचं ऐकू नका. रंगाऱ्याला फोन लावा.