"सगळे बंब सारखेच" म्हणे! आत्यापर्यंत पोचलेल्या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. अग्निशमनच्या वेगवेगळ्या गाड्या म्हणजे नुसता खरेदीचा खेळ, सगळे बंब सारखेच, आत पाणीच असतं, टँकर आणि पाइप असला की कुठलीही आग विझते, १०१ ला फोन करून वेळ घालवू नका, असं त्यात लिहिलंय. मी सोडून दिलं असतं. पण माझ्या आत्याचा मिरजेत वडा-भज्यांचा गाडा आहे, आणि तिनं हे वाचून कढईला लागूनच पाण्याची बादली भरून ठेवली, तेल पेटलं तर लगेच ओतायला!

त्यामुळं आधी तेच. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते सरळ तळाला जातं. तेल १०० अंशाच्या कितीतरी वर तापलेलं, म्हणजे पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते, आणि ही वाफ पाण्याच्या जवळपास १,७०० पट जागा घेते. एवढी वाफ तळातनं उसळली की वरचं पेटतं तेल घेऊनच बाहेर येते, ओतणाऱ्याच्या तोंडावर. आत्याच्या गाड्याला वर ताडपत्री आणि मागं सिलेंडर, पुढचं काय सांगायचं. हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा, कढईवर बाजूनं सपाट झाकण नाहीतर परात सरकवायची, आणि तेल पूर्ण गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. बादली मी तिथनं उचलली आणि तिच्या मापाची परात शेजारी ठेवली, "आत्या, ही भांडी घासायला नेऊ नकोस" एवढंच सांगितलं.

आता हेच मोठ्या आगीला लावा. भारतीय मानक ब्युरोचं आयएस २१९० नावाचं मानक आहे, ते खरं तर हातानं वापरायच्या फायर एक्स्टिंग्विशरचं, पण त्यात आगीचे वर्ग स्पष्ट दिलेत: लाकूड-कापड-कागद ए, पेट्रोल-थिनरसारखे द्रव बी, गॅस सी, मॅग्नेशियमसारखे धातू डी. प्रत्येकाला विझवायचं साधन वेगळं, म्हणून गाडी वेगळी. पेट्रोलवर नुसतं पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगत पुढं पसरतं आणि आग गटारीतनं दुसरीकडं जाते. फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारी गाडी, त्यावर फेसाचा थर पसरवते, बाहेरची हवा आणि पेट्रोलची वाफ दोन्ही अडतात. आणि आपल्याकडचं इथेनॉल? साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, टँकर रस्त्यावर रोज दिसतात. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळं पेट्रोलवरचा साधा फोम त्यावर टिकत नाही, तो मोडतो, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. शिवाय इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात नीट दिसतही नाही. "पाइप लावा" म्हणणाऱ्यानं हा विचार केलाय का? मॅग्नेशियमच्या चुऱ्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन निघतो, तिथं धातूच्या आगीसाठीची खास ड्राय पावडरच पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये अर्धी खरी आहे, "बंब येतो आणि पाणी लगेच संपतं." संपतं, मान्य. ४,५०० लिटरची टाकी आणि मिनिटाला प्रत्येकी ४५० लिटर फेकणारे दोन पाइप धरले तर पाच मिनिटांत खेळ आटोपला. पण त्यासाठीच तर मागनं पाण्याचा बाउझर, म्हणजे मोठा टँकर, पाठवतात, त्याचं कामच पाणी पुरवायचं. उसाच्या फडाला आग लागल्यावर शेजारच्या विहिरीतनं पाणी घ्यायचं म्हटलं, तरी पाणी सात-आठ मीटरपेक्षा खोल असेल तर गाडीवरचा पंप ते ओढू शकत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात विहीर समोर असूनही बाउझरची वाट बघावी लागते. गाडी कमी पडली म्हणून गाड्यांचे प्रकार कमी करा, हे कुठलं गणित?

बाकीचे मुद्दे पटकन. "रेस्क्यू टेंडरमध्ये पाणी नाही, मग उपयोग काय": त्यात पत्रा कापायचा कटर, तो फाकवायचा स्प्रेडर, दोर, जनरेटर, दिवे असतात, पेठ नाक्याजवळ हायवेवर ट्रकच्या केबिनमध्ये माणूस अडकला तर पाण्याचं काय करणार? "शिडीची गाडी मुंबईलाच लागते": सांगलीत विश्रामबागेतल्या बिल्डिंगा मान वर करून बघा एकदा. फक्त ती गाडी उभी करायला बाजूचे पाय पसरावे लागतात, आणि आपण गेटसमोर दोन्ही बाजूंनी चारचाक्या लावून ठेवतो.

आणि फोन करायचाच, १०१ नाहीतर ११२. फोनवर नुसतं "आग लागलीय, लवकर या" म्हणून ठेवून देऊ नका. काय जळतंय, ते आधी सांगा, लाकूड, केमिकल, गॅस की ट्रान्सफॉर्मर, कारण कुठली गाडी काढायची ते त्यावरच ठरतं. मग जवळची खूण, रस्ता किती रुंद आहे, आत कोणी अडकलंय का. विजेचं काही असेल तर महावितरणलाही लगेच कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथं पाणी मारायचं नाही, तुम्हीही नाही आणि बादल्या घेऊन धावत येणाऱ्या शेजाऱ्यांनीही नाही.