कापताना २६, देताना ३०?

महिन्याच्या पगारावरून एका दिवसाचा दर कसा काढायचा, यावरच्या एका लेखात ‘पगार भागिले ३०’ एवढंच दिलंय, ते अपुरं आहे. महिन्याला २६,००० रुपये पगार धरा. ३० ने भागलं तर साधारण ८६७ रुपये, २६ ने भागलं तर थेट १,०००. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) १५ दिवसांचं वेतन काढताना कायद्याने २६ नेच भागतात, साप्ताहिक सुट्ट्या वगळून. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र मी भलतंच पाहिलंय: बिनपगारी रजा कापायची २६ ने आणि शिल्लक रजेचे पैसे द्यायचे ३० ने! दिवसामागे १३३ रुपये कामगाराचेच जातात, हा सरळ अन्याय आहे. नव्याने लागणाऱ्या मुलांनो, ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन्हींचा भाजक एचआरकडून लेखी घ्या.