‘बापाने मध्ये पडू नये’ म्हणे!

ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे स्तनपान सप्ताह आला की आमच्या धायरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो ऑफिसच्या ग्रुपवरही येऊन धडकला. मथितार्थ असा: अंगावर पाजणं हा आई-बाळाचा मामला, बापाने मध्ये पडू नये. दूध येणं-न येणं बाईच्या प्रकृतीवर असतं. बापाला बाळाचा लळा लागायला हवा असेल तर रात्रीची एक बाटली त्याने पाजावी, आईचीही झोप होते. आणि शेवटी हुकमाचा एक्का: आपल्या आजोबांनी यातलं काय केलं होतं? मुलं वाढलीच ना?

मी डॉक्टर नाही. हिंजवडीत नोकरी करणारा, दीड वर्षाच्या मुलीचा बाप आहे. पण या मजकुरातल्या बहुतेक खड्ड्यांत मी स्वतः पडून आलोय, म्हणून बोलतो.

‘मध्ये पडू नये.’ अहो, बाप आधीच मध्ये असतो. चौथ्या रात्री मुलगी रडायची थांबेना तेव्हा मी इतकंच म्हणालो, “अगं, दूध पुरत नसेल तिला.” सहज म्हणालो. बायको काहीच बोलली नाही. सकाळी मेडिकलमधून पावडरचा डबा आणला तोही मीच. आता सांगा, निर्णय कोणाचा? नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा प्यायला मागतं, पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन थोडं उतरतंही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दूध पुरतंय का हे रडण्यापेक्षा लंगोटांवरून जास्त कळतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले होत असतील आणि दोनेक आठवड्यांत वजन जन्मावेळेइतकं परत येत असेल, तर सहसा घाबरायचं कारण नसतं. लंगोट मोजणं बापाला जमतं.

इटलीतल्या नेपल्समध्ये 280 जोडप्यांवर झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बापांना अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय शिकवले, उरलेल्यांना बालसंगोपनाची साधारण माहिती दिली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 25 टक्के बाळांचं पोषण आईच्या दुधावरच चाललं होतं, दुसऱ्या गटात 15 टक्के. त्याहून मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा: ‘माझं दूध बाळाला पुरत नाही’ असं वाटणाऱ्या आया पहिल्या गटात 8.6 टक्के, दुसऱ्यात 27. शिकवणी बापाची, भरवसा वाढला आईचा.

एक कबूल करतो. लुडबुड म्हणून एक प्रकार असतोच. मी पाजण्याच्या वेळांची एक्सेल शीट केली होती, डावी बाजू, उजवी बाजू, किती मिनिटं. तिसऱ्या दिवशी बायकोने ती डिलीट केली. बरोबर केलं.

‘दूध बाईच्या प्रकृतीवर.’ अर्धं खरं. काही आयांना वैद्यकीय कारणाने दूध खरंच कमी येतं, तिथे डॉक्टरांकडे जायचं आणि त्यांनी सांगितलेलं वरचं दूध कुणाचे टोमणे न ऐकता द्यायचं. पण दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला की गाय पान्हा चोरते, हे आपल्याकडे गावात कुणालाही ठाऊक असतं. (बायकोला गाईची उपमा दिली म्हणून जोडे खाईन, पण शास्त्र तेच आहे.) पान्हा फुटतो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे, आणि दुखणं, ताण, संकोच यांनी ते अडतं. आता बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणा. रविवारी सकाळपासून माणसांची रीघ, प्रत्येकाचा एकच प्रश्न, “पुरतंय ना गं दूध?” या दाराशी कोणी उभं राहायचं? पाहुणे बहुतेक बापाकडचे असतात. “आई, ती पाजतेय, आपण बाहेर चहा घेऊ,” हे वाक्य सुनेच्या तोंडी उद्धटपणा ठरतं, मुलाच्या तोंडी नाही. अन्याय आहे, पण तोवर तरी वाक्य आपण म्हणावं.

आता ती बाटली. या मजकुरातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच. दूध मागणीनुसार तयार होतं. जितकं बाळ ओढेल तितकं पुढचं बनतं, आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनचं प्रमाण रात्री जास्त असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं रात्रीचं पाजणं बाटलीने चुकवलं तर शरीराला निरोप जातो की मागणी घटली. शिवाय आईची झोप होतच नाही, पहाटे छाती दगडासारखी भरून ती उठतेच. आमच्याकडे हेच झालं, वर गाठ आणि ताप. त्यानंतर डबा माळ्यावर गेला आणि आमची वाटणी ठरली. बाळ उचलायचं, लंगोट बदलायचं, तिच्या कुशीत द्यायचं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि झोपवायचं, हे माझं. पाजणं तेवढं तिचं. लळा म्हणाल तर मुलगी आजही माझ्याच खांद्यावर झोपते. पुढे बायको बाणेरच्या ऑफिसात रुजू झाल्यावर तिने काढून ठेवलेलं दूध मी वाटी-चमच्याने पाजलंच की.

आपल्याकडे पावडर आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. हा मजकूर जाहिरात नसेलही, काम मात्र तेच करतो.

राहिले आजोबा. त्यांनी केलं नाही कारण करायला घर भरून बायका होत्या: माहेर, आजी, काकू, तेल लावायला येणारी बाई, शेक-शेगडी, अळिवाची खीर. आज धायरीच्या दोन खोल्यांत सासूबाई महिनाभर येऊन जातात आणि मग आम्ही दोघंच. मला सुट्टी मिळाली पाच दिवस. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, खासगी कंपनीवर कायद्याने तेवढंही बंधन नाही. आणि ‘वाढलीच ना’ हे जी वाढली तीच म्हणू शकतात. 1971 मध्ये देशात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. कारणं अनेक होती, पण म्हणून त्या काळाचा दाखला छाती काढून देऊ नये.

सोसायटीच्या ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं. मजकूर पाठवणाऱ्या काकांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. रात्री त्यांचा वेगळा मेसेज आला. मुलगी बाळंतपणाला येणार आहे, जावईही आठ दिवस राहणार आहेत, काढलेलं दूध बाळाला पाजायचं ते चोचीचं भांडं, बोंडलं, कुठे मिळतं? तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात विचारा, म्हटलं. स्टीलचं घ्या, रोज उकळायला बरं पडतं. आणि उकळायचं काम जावईबापूंना द्या.