फोन बोलतो म्हणून अ‍ॅप वापरता येतं?

आमच्या तालमीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरत होता. मजकूर थोडक्यात असा: 'आता प्रत्येक स्मार्टफोन बोलतो, त्यामुळे दृष्टिहीनांना सगळी अ‍ॅप वापरता येतात. कंपन्या मशीनवर तपासूनच अ‍ॅप बाजारात आणतात. मूठभर लोकांसाठी वेगळा खर्च कशाला? ज्यांना जमत नाही त्यांनी शिकायची तयारी ठेवावी.' कुणीतरी तो माझ्या मामांना पाठवला. काचबिंदूनं मामांची नजर जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी तो फोनकडून वाचून घेतला आणि मला म्हणाले, "आगं, मग माझंच बोट चुकत असंल."

म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, 'शिकायची तयारी'. मामा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्न बनवायचे. सूतभर फरक बोटाला कळणारा माणूस. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, त्यांनी दोन महिन्यांत हाताखाली घातलं. बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. व्हॉट्सअ‍ॅपवर ते माझ्या आधी उत्तर देतात. अडले कुठं, तर बँकेच्या अ‍ॅपवर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करताना.

शुक्रवार पेठेतल्या घरी मी शेजारी बसून पाहिलं. बोट सरकवलं, फोन म्हणाला, "बटन". पुन्हा सरकवलं, "बटन". तिसऱ्यांदा, "लेबल नसलेलं बटन". त्यातलं एक 'पुढे जा' होतं, एक 'रद्द करा'. दोनदा रद्दच झालं. मग कॅमेरा उघडला. स्क्रीनवर एक गोल, खाली बारीक अक्षरांत 'चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा'. फोनमधून अवाक्षर नाही. मामा फोन छातीसमोर धरून ताठ बसलेले आणि कॅमेऱ्यात छताचा पंखा. वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून. यात मामांनी काय शिकायचं होतं? बटनाला नाव द्यायचं काम अ‍ॅप बनवणाऱ्याचं, ते त्यानं केलेलं नाही.

फोन बोलतो हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे, आयफोनवर २००९ पासून व्हॉइसओव्हर आहे, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए तर फुकट मिळतं. त्यांच्या जोरावर लोक नोकऱ्या करतात, परीक्षा देतात. पण असा कुठलाही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर, मनानं काही सांगत नाही. बनवणाऱ्यानं आत जे लिहून ठेवलंय तेवढंच वाचतो. लिहिलंच नसेल तर तो तरी काय वाचणार?

मशीनच्या तपासणीचंही तेच. तपासणारं सॉफ्टवेअर बटनाला नाव आहे का एवढं बघतं. 'रद्द करा'ला कुणी 'चित्र १' असं नाव दिलं तरी ते पास करतं. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात उजळपणाचा ४.५ ला १ एवढा फरक आहे का, हे ते चोख मोजेल. पण टॉकबॅकनं ओटीपीचा मेसेज वाचून संपवेपर्यंत वेळ उरतो का, हे नजर नसलेल्या माणसाला समोर बसवून काम करायला दिल्याशिवाय कळत नाही.

आणि 'मूठभर'? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोषाची नोंद ५० लाखांवर आहे. ही मूठ केवढी म्हणायची?

खर्च कशाला, या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानंच ३० एप्रिल २०२५ ला दिलंय. दोन याचिका होत्या. एक अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेची, जिला डोळे मिचकावता येत नव्हते म्हणून केवायसी अडलं. दुसरी एका दृष्टिहीन वकिलाची. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, कागदावरचं केवायसी चालू ठेवा, अ‍ॅपची ठरावीक काळानं तपासणी करून घ्या. त्यातला एक निर्देश तर मेसेज लिहिणाऱ्यानं दोनदा वाचावा: नवीन अ‍ॅप किंवा नवी सोय आणण्याआधीच्या चाचणीत दृष्टिहीन माणसांना सामील करून घ्या. म्हणजे मामांसारख्या माणसाला आधी विचारायचं, नंतर शिकवायचं नाही.

मामांचं केवायसी शेवटी शाखेत जाऊन कागदावर झालं. रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस गेला. परवा आम्ही त्या तीन बटनांचं रेकॉर्डिंग करून बँकेला तक्रार पाठवली, निकालाच्या तारखेसकट. तक्रारीचा मजकूर मामांनी स्वतः फोनला बोलून लिहिला. मी फक्त जोडाक्षरं तपासली.