‘एकच खोगीर, सगळे घोडे, जन्मभर’: भाच्याला आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या बुधवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, घोडी पाठीला हात लावू देईना. तंग आवळायला गेलं की कान मागं टाकतीय, चावायला बघतीय.” तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून घेतलेली ही मारवाडी घोडी स्वभावानं अगदी गरीब. सोलापूरच्या बाळ्याहून गाडी काढली आणि त्याची वस्ती गाठली. खोगीर उचललं तर खाली चार पदरी घडी घातलेली सोलापुरी चादर. चादर काढली तर आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना लिंबाएवढ्या दोन सुजा. हाताला गरम लागत होत्या.

चादरीचा सल्ला कुणी दिला म्हणून विचारलं, तर त्यानं मोबाईल पुढे केला. तोच मेसेज. महिनाभरात मला तो तीन ग्रुपांवर आलाय, त्यातल्या एकावर वरातीच्या घोड्या पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. मथळा ‘अ‍ॅडजस्टेबल खोगीर घ्या! एकच खोगीर, सगळे घोडे, जन्मभर’. खाली सहा मुद्दे, आणि शेवटी ‘घोडा पाळणाऱ्या प्रत्येक भावाला पाठवा’. लोकांनी पाठवला. आता हे उत्तरही पाठवा.

“पुढची पट्टी बदलली की खोगीर कोणत्याही घोड्याला बसतं.”

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. पुढच्या कमानीतली लोखंडी पट्टी बदलता येते, बरोबर. विन्टेक नावाच्या कंपनीच्या खोगिरांत पट्ट्यांना रंग दिलेत: पिवळी अरुंद, काळी मधली, लाल रुंद. (दुसऱ्या कंपनीत त्याच रंगाचा अर्थ वेगळा असू शकतो, तेव्हा रंगावर भरवसा ठेवू नका, माप बघा.) स्क्रू काढायचे, दुसरी पट्टी बसवायची, काम झालं. पण यात बदललं काय? फक्त पुढच्या कमानीची रुंदी. मागचा सांगाडा, त्याची लांबी, खालच्या गाद्यांचा बाक, कण्याला दाब लागू नये म्हणून दोन गाद्यांमध्ये सोडलेली वाट, हे सगळं जसंच्या तसं राहतं.

पाठीला बाक असलेल्या घोड्यावर सरळ गादीचं खोगीर टाकलं की ते पुढं टेकतं, मागं टेकतं आणि मधे अधांतरी राहतं, ओढ्यावरच्या साकवासारखं. सगळा भार त्या दोन टोकांवर. सपाट पाठीवर बाकदार गादी टाकली तर खोगीर पाळण्यासारखं झुलतं. पट्टी कुठलीही घाला, यातलं काहीच सुधारत नाही.

भाच्याकडे घोडीशिवाय एक भीमथडी घोडा आहे. आपल्या भीमेच्या खोऱ्यातली ही जात, धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर वाहणारी. पाळीव जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं तिला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यताही दिली. बुटका, आखूड पाठीचा घोडा. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात आणि भार घेणारी गादी शेवटच्या बरगडीच्या मागं जाता कामा नये, कारण तिथून पुढं कमरेला बरगड्यांचा आधार नाही. मी शेवटची बरगडी बोटानं चाचपत वर कण्यापर्यंत गेलो आणि तिथं खडूनं रेघ ओढली. खोगीर ठेवलं तर गादी रेघेच्या चार बोटं मागं गेली होती. आता कोणत्या रंगाची पट्टी घालायची?

“घट्ट वाटलं तर खाली सोलापुरी चादर चार पदरी घाला.”

घट्ट झालेली अंगठी बोटाला चिंधी गुंडाळून घालून बघा, म्हणजे कळेल. अरुंद खोगिराखाली जाडी वाढवली की ते आणखी अरुंद होतं. पुढून वर उचललं जातं, स्वार मागं कलंडतो आणि त्याचं वजन मागच्या कडेवर जातं.

माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. चादरीबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नाही. ती अंथरायला आणि पांघरायला विणतात. चार घड्या घातल्या की कडा एकावर एक येऊन दोरखंडासारखी धार तयार होते, आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरात ती घामानं भिजून चुरगळते. खाली घालायचाच तर लोकरीचा एकपदरी नमदा (दाबून केलेली जाड घडी) घाला, आणि तंग आवळण्याआधी तो उंचवट्यावरून वर कमानीत ओढून घ्या.

“पाठीवर पांढरे ठिपके आले की पाठ पिकली, घोडा खोगिराला रुळला. असे ठिपके शुभ. सूज आली तर हळद लावून काम चालू ठेवा.”

हे वाचून माझं डोकं फिरलं. बाकीच्या मुद्द्यांनी पैसा वाया जाईल, यानं जनावर वाया जातं.

कपाळ आणि चारही पाय पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्याला आपल्याकडे मान आहे, आणि तो तसा जन्माला येतो. खोगिराखालचे पांढरे ठिपके माणसानं केलेले असतात. एकाच जागी सतत दाब पडला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्त पोचलं नाही की केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. मग नवा केस उगवतो तो पांढरा, आणि बहुतेक वेळा कायमचा. कातडीखालचा स्नायू दाबाला कातडीपेक्षा आधी हार खातो. म्हणजे वर डाग दिसायच्या आधी आतलं मांस दुखावलेलं असतं.

वीस वर्षांपूर्वी मी एक कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा) घोडा घेतला. विकणाऱ्यानं पाठीवरचे रुपयाएवढे दोन पांढरे डाग मला दाखवले आणि ‘काम केलेला घोडा आहे’ म्हणून किंमत वाढवून सांगितली. मी दिली. तो घोडा उतरणीला अडखळायचा, खोगीर बघितलं की अंग चोरायचा. मी त्याला हट्टी समजत होतो आणि टाच मारत होतो. शेवटी पशुवैद्यांना आणलं. त्यांनी कण्याच्या बाजूनं दोन बोटं नुसती दाबत नेली आणि त्या डागांपाशी घोड्यानं पाठ एकदम खाली सोडली, मागचे पाय वाकले. त्याच्या पाठीची ती हालचाल मला अजून दिसते. असले ठिपके शुभ आहेत असं कुणी लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

हळदीचं म्हणाल तर जखमेवर काय लावायचं ते डॉक्टर सांगतील. मात्र ज्या दाबानं सूज आली तोच दाब त्याच जागी पुन्हा देत राहिल्यावर कोणतंही औषध लागू पडणार नाही. सूज आहे तोवर खोगीर बंद. हातानं फिरवा, दोरीवर चालवा.

रोज बघायच्या गोष्टी दोनच. खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा बघा: सगळीकडे ओलं आणि मधेच तळहाताएवढा कोरडा चट्टा असेल तर संशय घ्या. एकतर तिथं दाब जास्त पडतोय किंवा गादी टेकतच नाही. आणि लगेच समाधान मानू नका. दाब सुटून रक्त परत आल्यावर सूज वर येते, म्हणून अर्ध्या तासानं पाठीवरून पुन्हा हात फिरवा.

“स्वाराचं माप बघायची गरज नाही, रिकीब लांब-आखूड केली की झालं.”

रिकिबीनं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीनं, पाय टेकतो, बैठक बदलत नाही. बसल्यावर ढुंगणामागं आणि खोगिराच्या मागच्या काठात साधारण वीतभर नाही, पण तळहाताएवढी जागा उरली पाहिजे. मांडी लांब असेल आणि खोगिराचा मांडीखालचा पडदा आखूड असेल तर गुडघा बाहेर जातो, स्वार मागं सरकतो, काठावर बसतो. त्याचं वजन मग नेमकं शेवटच्या बरगडीपाशी उतरतं.

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या डॉक्टर सू डायसन आणि सहकाऱ्यांनी यावर एक छोटा अभ्यास केला, 2019 च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. सहा घोडे, चार स्वार. चौघांची स्वारीची तयारी साधारण सारखी, वजनं मात्र वेगळी: हलका, मध्यम, जड, अतिजड. अतिजड म्हणजे घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त. जड आणि अतिजड स्वारांच्या सगळ्या फेऱ्या मधेच थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडा तात्पुरता लंगडायला लागला म्हणून. आणि आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे: अतिजड स्वाराला ते खोगीर लहान पडत होतं, तो मागच्या काठावर बसत होता. म्हणजे नुसत्या वजनाचा किती दोष आणि न बसणाऱ्या खोगिराचा किती, हे तिथं वेगळं काढता येत नाही. सहा घोड्यांवरून सगळ्या जगाचा नियम होत नाही, मान्य. पण स्वाराचं माप बघूच नका म्हणणाऱ्याकडे सहा घोड्यांचाही आधार नाही.

इथंच खरी अडचण आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती ठाऊकच नाही. भाचा उंच, त्याला साडेसतरा इंची बैठक लागते. भीमथडीची पाठ त्या लांबीला पुरत नाही. अशा वेळी घोड्याचं माप आधी धरायचं. त्या घोड्यावर भाच्याची बारा वर्षांची बहीण बसेल, तिच्या मापाच्या लहान खोगिरात. भाच्यानं घोडी चालवावी.

“एकदा बसवलं की पुन्हा बघायला नको.”

मग अ‍ॅडजस्टेबल घेतलं कशाला? घोडी बाजारातून आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. त्या दिवशी बसवलेली पट्टी बरोबर होती. पुढं चारा-खुराक मिळाला, काम मिळालं, खांद्यामागं मांस धरलं आणि तीच पट्टी चिमट्यासारखी आवळायला लागली. अ‍ॅडजस्टेबल खोगिराचा खरा उपयोग हाच: एकच घोडा, पण बदलत जाणारा. इथं मात्र मी त्या मेसेजला थोडं श्रेय देतो. आपल्याकडे खोगीर बसवून देणारा जाणकार हाकेच्या अंतरावर नाही, तेव्हा घरच्या घरी पट्टी बदलता येणं ही मोठी सोय आहे, आणि वाढत्या वयाच्या घोड्याला त्यानं पैसेही वाचतात.

माप घ्यायला फार काही लागत नाही. वायरिंगवाल्याकडून हातभर जाड तार आणा. घोडा सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभा करा. खांद्याच्या फऱ्याच्या मागं तीन बोटं सोडून तार पाठीवर आडवी दाबा, अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारा आणि तारीख टाका. दोन महिन्यांनी परत. भाच्याकडे चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आता पहिली रेघ आहे.

“मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, तेव्हा कुठं होतं फिटिंग?”

1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, पण भाषेला विचारा. खोगीरभरती हा शब्द आला कुठून? खोगिरात भर घालावी लागत होती म्हणून. कोतल घोडा म्हणजे काय? सोबत रिकामा चालवलेला राखीव घोडा. आणि ब्रिटिश फौजेनं 1912 साली जे खोगीर काढलं त्याच्या बाजूच्या फळ्या कमानींना खिळीवर हलत्या ठेवल्या होत्या, घोड्याच्या पाठीप्रमाणं बसाव्यात म्हणून. लढाईवर जाणाऱ्यांना पाठीची काळजी आपल्यापेक्षा जास्त होती.

घोडीच्या सुजा आता उतरल्यात. डॉक्टरांनी तीन आठवडे खोगीर बंद सांगितलंय. काल हात फिरवला तेव्हा उजवी बाजू मऊ होती. डाव्या अंगाला रुपयाएवढी जागा अजून कडक लागते, तिथले केस गळायला लागलेत. नवे कोणत्या रंगाचे येतात ते उगवल्यावरच दिसेल.