पॉवर सप्लायचा बागुलबुवा: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

पहिला महागडा गेमिंग संगणक स्वतः जोडताना सुटे भाग कसे निवडावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दामच थोडा वेळ घेतला, कारण वाचल्यावाचल्या जे सुचले होते ते इथे लिहिण्याजोगे नव्हते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा असा: ‘नवख्यांना पॉवर सप्लायचा बागुलबुवा दाखवून त्यांचा खिसा रिकामा करू नका. एक फ्रेमसुद्धा न वाढवणाऱ्या डब्यात पैसे घालण्यापेक्षा तेच ग्राफिक्स कार्डात घाला, असे सांगा. माझा साधा ६५० वॅटचा एसएमपीएस पाच वर्षे बिनतक्रार चालला आहे.’ (एसएमपीएस म्हणजेच पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज संगणकाच्या आतल्या भागांना पुरवणारा डबा. फ्रेम म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे.) याखेरीज लिक्विड कूलर अनावश्यक आहे, मॉनिटरचा विचार मी आधी करायला हवा होता, रॅमच्या चार पट्ट्या बसवायला काय हरकत आहे आणि जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावून पैसे वाचवता येतात, असेही आपण सुचवले आहे. शेवटी तीन उद्गारचिन्हांसह आपण विचारता की, यात माझे कमिशन किती.

कमिशनचा प्रश्न आधी निकालात काढतो. मूळ लेखात मी एकाही एसएमपीएसच्या कंपनीचे नाव घेतलेले नाही. कोणत्या प्रकारचा घ्यावा एवढेच लिहिले आहे आणि प्रकाराचे कमिशन कोणी देत नाही. मतभेद नोंदवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्याने विनामोबदला, आपले संध्याकाळचे तास खर्चून एवढा लेख लिहिला त्याच्यावर खिसे रिकामे करण्याचा आरोप करण्यापूर्वी तो लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी घेणे ही किमान सभ्यता आहे, असे मी मानतो. आपण तो शेवटपर्यंत वाचलेला नाही, हे आपल्याच प्रतिक्रियेवरून दिसते.

आता ‘एक फ्रेमसुद्धा न वाढवणारा डबा’ या वाक्याकडे वळतो. ते वाक्य आकर्षक आहे आणि शब्दशः खरेही आहे. एसएमपीएस फ्रेम वाढवत नाही. पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर, कॅबिनेटचे पंखे आणि भिंतीतला अर्थिंगचा सॉकेट यांनीही फ्रेम वाढत नाहीत. म्हणून ते कमी प्रतीचे चालतात असे आपणही म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच होते आणि आहे की, ग्राफिक्स कार्ड ठरले की त्याच बैठकीत एसएमपीएस ठरवावा. तो सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत जे बसेल ते, अशा रीतीने घेऊ नये.

आपली बेरीज मला कळते, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा तीच करतो. प्रोसेसरच्या खोक्यावर १२० वॅट लिहिलेले असते, कार्डाच्या खोक्यावर ३६०, उरलेल्या सगळ्याला सत्तर-ऐंशी धरले की ५६० होतात, मग ६५० मध्ये भरपूर जागा उरली असे वाटते. या बेरजेतला पहिलाच आकडा फसवा आहे. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला आणि सध्या गेमिंगसाठी बहुतेकांच्या यादीत असणारा प्रोसेसर १२० वॅटचा म्हणून विकला जातो, पण एएमफाइव्ह सॉकेटवर (म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या खाचेत) त्या वर्गातल्या प्रोसेसरला मूळ सेटिंगमध्येच १६२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. गेम खेळताना तो तिथपर्यंत सहसा जात नाही, हे खरे. पण संगणक घेणारा माणूस त्यावर फक्त गेमच खेळेल, व्हिडिओ रेंडर करणार नाही किंवा मोठा प्रोग्राम कंपाइल करणार नाही, याची हमी आपण कोणाच्या वतीने देत आहात?

दुसरा आकडा फसवा नाही, अपुरा आहे. कार्डाचे ३६० वॅट म्हणजे काही काळातली सरासरी. ग्राफिक्स चिपचे काम एका दृश्यात कमी, पुढच्याच क्षणी एकदम जास्त असे बदलत असते आणि त्यासोबत तिची विजेची मागणी काही मायक्रोसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर उसळी घेते. भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या वॅटमीटरवर ही उसळी दिसतच नाही, म्हणून ‘माझा मीटर तर साडेचारशेच दाखवतो’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही अनुक्रमे ३२० आणि ३५० वॅटची कार्डे आली तेव्हा हा विषय सर्वतोमुखी झाला, कारण कागदावर पुरेसे वॅट असलेले कित्येक एसएमपीएस या उसळीला अतिभार समजून स्वतःला बंद करून घेऊ लागले. पुढे २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचे मानक आले आणि त्यात उसळी सोसण्याची अटच घातली गेली: ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या नव्या, सोळा पिनांच्या कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे. बागुलबुव्यासाठी कोणी मानक बदलत नाही.

या अपुरेपणाचे लक्षणही नवख्याला चकवणारे असते. गेम रंगात आला असताना संगणक एकदम काळा पडतो, विंडोजची चूक दाखवणारी निळी पाटी येत नाही, काही वेळा आपोआप पुन्हा चालू होतो. विंडोज वापरताना, चित्रपट पाहताना तो निमूट चालतो. मग तो बिचारा आधी ड्रायव्हर बदलतो, मग विंडोज नव्याने टाकतो, मग रॅम तपासतो आणि शेवटी निर्दोष ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत परत पाठवतो, आणि तेही ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. आपल्या सल्ल्याने वाचलेले पैसे या खटाटोपात किती पुरतील, याचा हिशेब आपणच करावा.

आपण लिहिता की, शंका असेल तर ‘गोल्ड’ लिहिलेला कोणताही घ्यावा, विषय संपला. विषय तिथे संपत नाही. गोल्ड, ब्राँझ या ज्याच्या पायऱ्या आहेत तो एटी प्लस (80 Plus) हा २००४ साली सुरू झालेला शिक्का विजेची कार्यक्षमता मोजतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या भारावर ९० टक्के, ब्राँझला ८५ टक्के गाठावे लागतात. म्हणजे आत ५०० वॅट पोहोचवण्यासाठी भिंतीतून एक सुमारे ५५५ घेईल आणि दुसरा सुमारे ५८८. हा तेहतीस वॅटचा फरक बिलात आणि खोलीतल्या उष्णतेत जाणवतो, त्याचे मोल मी नाकारत नाही. परंतु १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर व्होल्टेजची किती थरथर शिल्लक आहे (एटीएक्सची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे), भार अचानक बदलला तर व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आत राहते का, शॉर्ट सर्किट किंवा अतिउष्णता झाली तर तो वेळेवर बंद होतो का, यांतले काहीही तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलची, योग्य उपकरणांवर केलेली भार-चाचणी वाचावी लागते. एकाच कंपनीच्या एका मालिकेतला एसएमपीएस उत्तम आणि दुसऱ्या मालिकेतला सुमार असू शकतो, कारण आतली रचना बहुधा वेगवेगळ्या उत्पादकांकडून आलेली असते. हे सगळे मूळ लेखात होते, शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथपर्यंत आपण पोहोचला नाहीत.

आपल्या पाच वर्षांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण एकट्याच्या नशिबावरून नियम निघत नसतो. मी संगणक जोडायला लागलो तेव्हा ग्राफिक्स कार्डाला वेगळी वायर लागत नसे. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर ती भागवत असत. तेव्हापासून नातेवाइकांचे, मित्रांचे, मित्रांच्या मुलांचे संगणक या हातांनी जोडले आहेत आणि बंद पडलेले उघडलेही आहेत. माझ्या मामेभावाने, माझे न ऐकता, वॅट भरपूर आणि वजन नगण्य असा एक एसएमपीएस आणला होता. तो गेला तो एकटा गेला नाही. मदरबोर्ड आणि त्याच्या लग्नाची छायाचित्रे असलेली हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. ज्याने अशी डिस्क हातात धरून भावाला उत्तर दिले आहे त्याला ‘डबा’ हा शब्द इतक्या सहजपणे लिहिता येत नाही, एवढेच सांगतो.

आणि वाचवलेले पैसे कार्डात घालायचे म्हणजे नेमके कशात? चांगला आणि सुमार एसएमपीएस यांच्या किमतीतला फरक आरटीएक्स ५०८० घेणाऱ्याला ५०९० पर्यंत नेत नाही. त्या दोन कार्डांमधली दरी कितीतरी मोठी आहे. समजा, नेले. ५०९० हे ५७५ वॅटचे कार्ड आहे आणि एनव्हिडिया स्वतः त्यासाठी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ५०८० साठी ८५० वॅटचा. म्हणजे आपला सल्ला पाळून माणूस वर चढला की त्याला ज्या वस्तूवर बचत केली तीच आणखी मोठी लागणार. हे विसंगत आहे हे आपल्या लक्षात कसे आले नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

नव्या कनेक्टरविषयी आपण ‘वायर ती वायर’ असे लिहिले आहे, त्यावरही थोडे लिहिणे भाग आहे. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरवर १५० वॅट तीन पिनांतून जातात, म्हणजे १२ व्होल्टवर प्रत्येक पिनेतून सुमारे ४.२ अँपिअर. सोळा पिनांच्या नव्या कनेक्टरवर ६०० वॅट सहा पिनांतून जाऊ शकतात, म्हणजे प्रत्येकीतून सुमारे ८.३ अँपिअर आणि पिनेची मर्यादा साधारण साडेनऊची. जुन्यात भरपूर मोकळीक होती, नव्यात ती जेमतेम आहे. म्हणूनच कनेक्टर अर्धवट बसला किंवा सगळा प्रवाह मोजक्याच पिनांवर आला की प्लास्टिक वितळते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० आल्यानंतर अशी छायाचित्रे सर्वांनी पाहिली. सुधारित १२व्ही-२×६ कनेक्टरमध्ये संवेदक पिना मुद्दाम आखूड केल्या आहेत, जेणेकरून तो पूर्ण बसल्याखेरीज कार्डाने वीज ओढूच नये. त्यामुळे मोठे कार्ड घेणाऱ्याने एटीएक्स ३.१ चा (त्याच मानकाच्या पुढच्या आवृत्तीचा), ही केबल मुळातच सोबत असलेला एसएमपीएस घ्यावा, जोडणीचे मध्यस्थ तुकडे (अडॅप्टर) टाळावेत, कनेक्टर शेवटपर्यंत दाबून त्याची फट डोळ्यांनी तपासावी आणि कॅबिनेटची काच लावताना केबल कनेक्टरलगतच दुमडली जाणार नाही एवढी जागा सोडावी.

आपल्या एका मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. ९८००एक्सथ्रीडीसारख्या प्रोसेसरला दोन मनोऱ्यांचा चांगला एअर कूलर पुरतो. लिक्विड कूलर हा तिथे गरजेपेक्षा हौसेचा भाग आहे. मी त्याला ‘पर्याय’ म्हटले होते, ‘आवश्यक’ नव्हे, पण वाक्य अधिक स्पष्ट असते तर बरे झाले असते.

उरलेल्या गोष्टींवर फार वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही. मॉनिटर आधी ठरवावा हे योग्यच आहे, कारण फोरके रिझोल्यूशनच्या पडद्यावर १४४०पीच्या सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात. पण माझा लेख कॅबिनेटच्या आतल्या भागांवर होता आणि सगळे एकाच लेखात मागणे अवाजवी आहे. रॅमच्या चार पट्ट्यांबद्दल म्हणाल तर, रायझन ७००० मालिकेला एएमडी दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५२०० या वेगाची ग्वाही देते आणि चार पट्ट्यांवर ३६०० ची. हरकत काय, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

राहता राहिली जुन्या केबलींची सूचना. इथे मी टोकदार झालो तर आपण राग मानू नये. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबलचे कार्डाकडचे टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडचे टोक नसते. कोणत्या पिनेवर १२ व्होल्ट, कोणत्या पिनेवर ५ आणि कोणत्या पिनेवर ग्राउंड, हे कंपनीगणिक आणि कधीकधी एकाच कंपनीच्या मालिकेगणिक बदलते. प्लग मात्र पुष्कळदा बिनबोभाट आत बसतो. चुकीच्या केबलने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी किंवा हार्ड डिस्क पहिल्याच क्षणी जळते आणि कोणताही संरक्षक सर्किट तिला वाचवू शकत नाही, कारण एसएमपीएसच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत चाललेले असते. माझ्यावरचे सगळे आरोप, कमिशनसकट, आपण तसेच ठेवावेत. मी ते पुसणार नाही. तेवढे केबलींचे वाक्य मात्र आज संध्याकाळपर्यंत काढून टाकावे, अन्यथा ते मी काढून टाकणार आहे.